पिल्लाची आई कुठे आहे?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात ठाकुरवाडी नावाची वस्ती एक नाही, अनेक आहेत. ठाकूर समाजाची वाडी ती ठाकुरवाडी, इतके हे नामकरण सरळ आहे. मुंबईहून पुण्याकडे घाट चढणाऱ्या आगगाडीलाही पळसदरी मागे पडल्यावर याच नावाचे एक ठिकाण लागते. या वाड्यांमध्ये कुत्रा विकत आणण्याची रीत नाही. शेजारच्या कुत्रीला पिल्ले झाली की त्यातले एखादे उचलून आणायचे; पुष्कळदा तेवढेही करावे लागत नाही, ते आपणहून मागे मागे येते. भाकरीच्या तुकड्यावर वाढते, शेतावर जाताना पुढे धावते आणि रात्री बिबट्याची चाहूल लागली की सारी वाडी जागी करते. त्याच्या वंशावळीचा कागद कोणी मागत नाही. त्याची आई समोरच्याच ओट्यावर निजलेली असते.

गेल्या दोन-तीन दशकांत याच वाड्यांच्या आसपास फार्महाऊस उभी राहिली. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी परततात. या गाड्यांतून कधी लॅब्राडोर येतो, कधी पग, कधी सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला निळ्या डोळ्यांचा हस्की. कोकणच्या उंबरठ्यावरील दमट उन्हाळ्यात त्याची जीभ आत जात नाही. काही महिन्यांनी यातला एखादा कुत्रा गाडीत परत बसत नाही. तो मोठा झालेला असतो, सोसायटीत तक्रारी झालेल्या असतात, मुलाची परीक्षा आलेली असते, किंवा त्याच्या कमरेच्या दुखण्याचा खर्च हाताबाहेर गेलेला असतो. मग ‘इथे मोकळी हवा आहे’ असे सांगून तो फार्महाऊसवर ठेवला जातो. त्याला सांभाळायचे कोणी? तर राखणदाराने, म्हणजे बहुधा शेजारच्या वाडीतल्या माणसाने. त्याच्या महिन्याच्या पगारात त्या कुत्र्याचे खाद्य बसत नाही, लस बसत नाही आणि मालकाचा फोन हळूहळू लागेनासा होतो. काहींच्या नशिबी राखणदारही नसतो. घाटरस्त्याच्या वळणावर गाडीचे दार उघडते आणि मिटते.

वनवासी वस्तीत माणसांचेच प्रश्न इतके उभे असताना कुत्र्यांवर अग्रलेख कशाला, असा आक्षेप सद्हेतूने घेतला जाईल. त्याचे उत्तर याच राखणदाराच्या घरात आहे. शहरातल्या हौसेचे बिल शेवटी त्याच्या दारात येऊन पडते. लस न टोचलेला, साखळीने पिसाळल्यासारखा झालेला मोठा कुत्रा वाडीतल्या मुलाला चावला, तर आरोग्य केंद्राची वाट तुडवायची ती त्या मुलाच्या आईने. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्र जवळजवळ हात टेकते, हे सांगायला नको. आणि जंगलाच्या कडेला सोडलेला कुत्रा केवळ माणसालाच धोका नसतो. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, तेव्हा कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूची बाधा त्यांच्यात सापडली होती. माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे, ही गोष्ट इथे सोडलेल्या कुत्र्याला कोणी सांगितलेली नसते.

म्हणून ही साखळी जिथे संपते तिथून उलटे चालत, ती जिथे सुरू होते तिथवर जायला हवे.

शहरातल्या दुकानात काचेमागे पिल्लू दिसते. कापसाच्या गोळ्यासारखे, झोपाळू डोळ्यांचे. त्याची किंमत जातीप्रमाणे काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. दुकानदार सांगतो, पंचेचाळीस दिवसांचे आहे, किंवा दोन महिन्यांचे आहे, अगदी निरोगी आहे, ‘पेपर्स’ हवे असतील तर तीही सोय होईल. त्या दुकानात सारे काही असते. नसते ती एकच गोष्ट, त्या पिल्लाची आई. तिला दाखवता येणार नाही अशीच व्यवस्था या व्यापाराने केलेली आहे. ती एखाद्या शेडमध्ये, गच्चीवर, बंद गाळ्यात पिंजऱ्यात असते. कुत्रीला साधारणपणे वर्षातून दोनदा माज येतो आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. ज्याला केवळ हिशेब कळतो, तो प्रत्येक माजाला तिला फळवतो. दूध सुटते न सुटते तोच पिल्ले उचलली जातात, कारण लहान पिल्लू अधिक गोजिरे दिसते आणि मोठे पिल्लू अधिक खाते. अंग झिजून ती विण्यास निरुपयोगी झाली की तिचे पुढे काय होते, हे कोणत्याही पावतीवर नोंदलेले नसते. अशा ठिकाणांना पाश्चात्त्य देशांत पिल्लांचे कारखाने म्हणतात. शब्द कठोर आहे, पण खोटा नाही.

सर्वच पैदासकार असे वागतात, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. दोन-तीन माद्या घरच्या माणसांसारख्या सांभाळणारे, पिल्लू कोणाच्या घरी जाते याची चौकशी करणारे, प्रसंगी ‘तुम्हाला कुत्रा झेपणार नाही’ असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारे लोकही आहेत. पण त्यांचे पिल्लू दुकानाच्या काचेमागे क्वचितच येते. ज्याला लपवण्यासारखे काही नाही, त्याला मधला दलाल लागत नाही.

आईपासून लवकर तोडण्यात केवळ भावनेचा प्रश्न नाही. पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून कुत्रेपण शिकते. किती जोराने चावले की दुसऱ्याला दुखते, हेही ते त्याच खेळात शिकते. तीस-पस्तीस दिवसांत उचललेल्या पिल्लाचे हे शिक्षण अर्धवट राहते आणि पुढे तेच ‘स्वभावाने चावरे’ ठरते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असते, लशीचे संरक्षण अजून उभे राहिलेले नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला ठिकठिकाणच्या पिल्लांसोबत एका टोपलीत कोंबून प्रवास घडवला जातो. पार्वो नावाच्या विषाणूला याहून अनुकूल काळ नाही. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे पिल्लू दुकानात हसरे असते आणि घरी आल्यावर आठवड्याभरात रक्ताची हगवण सुरू होते. सलाईन, रात्रीची जागरणे आणि शेवटी चादरीत गुंडाळलेले ते गाठोडे. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: ‘आमच्याकडे होते तोवर चांगले होते.’ वाढदिवसाची भेट म्हणून आणलेल्या पिल्लाचा असा शेवट पाहिलेली मुले मध्यमवर्गीय घरांत थोडी नाहीत.

या बाजाराला खतपाणी कोण घालते? केवळ विक्रेत्याकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. २००३ साली ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे चालणारा पग साऱ्या देशाने पाहिला. जाहिरात निर्मळ होती, त्यात कोणाला फसवण्याचा हेतू नव्हता. पण त्यानंतर शहरांतल्या मध्यमवर्गाला अचानक पगच हवासा झाला, आणि मागणी आली तेव्हा पिंजरेही आले. चपट्या नाकामुळे ज्याला मुळातच श्वास अपुरा पडतो, असा हा प्राणी मे महिन्याच्या उकाड्यात धापा टाकत राहिला. पुढे दूरचित्रवाणीची जागा हातातल्या मोबाइलने घेतली. हस्कीचे छायाचित्र पाहून हस्की मागवला जाऊ लागला. घरात कोण आहे, कोणाला वेळ आहे, घर किती मोठे आहे, हे प्रश्न पिल्लू आल्यानंतर विचारले जातात.

इथे स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एक सावधगिरी घेतली पाहिजे. मुधोळ, कारवान, पश्मी, राजापालयम या आपल्या जाती गुणाने कोठेही उण्या नाहीत. डाक विभागाने २००५ साली मुधोळ आणि राजापालयम यांच्यावर तिकिटे काढली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून भारतीय जातीचे कुत्रे पाळण्याचे आवाहन केले. ही दखल योग्यच होती. पण मुधोळसारखा शिकारी, मैलोगणती धावणारा कुत्रा दोन खोल्यांच्या घरात बांधून ठेवणे ही त्या जातीची सेवा नव्हे. आणि मागणी वाढताच त्याच पिंजऱ्यांतून त्याच पद्धतीने ‘देशी’ पिल्ले निघू लागली, तर आतल्या मादीच्या वाट्याला कोणता निराळा सन्मान येणार आहे? तिच्या दृष्टीने पिंजऱ्याला स्वदेशी-परदेशी नसते.

भारतीय मनाला हा विषय परका नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घराघरांत ठाऊक आहेत. युधिष्ठिराच्या महाप्रस्थानातील कुत्रा तर सर्वांनाच आठवतो. पण महाभारताच्या अखेरीस जसा कुत्रा आहे, तसाच आरंभीही आहे, हे फारसे सांगितले जात नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याला त्याचे तिघे भाऊ मारतात. तो सरमेचा, म्हणजे देवशुनीचा मुलगा. तो रडत आईकडे जातो. ती थेट यज्ञस्थळी येते आणि राजासमोर विचारते की, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग त्याला का मारले? राजकुळातल्या कोणालाही उत्तर देता येत नाही. ‘न दिसणारे भय तुम्हांस गाठील’ असा शाप देऊन ती निघून जाते. एवढा मोठा ग्रंथ एका कुत्रीचे गाऱ्हाणे ऐकून पुढे सरकतो. त्याच समाजाच्या बोलीत ‘कुत्र्याचे जिणे’ आणि ‘कुत्र्याची मौत’ हे शब्दप्रयोगही आहेत, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पूजा आणि उपेक्षा एकाच उंबरठ्यावर नांदत आली आहेत.

समाज या प्रश्नावर कधी जागा झालाच नाही, असे मात्र नाही. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा १८३२ साली मुंबईच्या कोट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्याच मुंबईत १८७४ साली प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि परळला बाई साकरबाईंच्या नावे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने १९६० च्या कायद्याला वाट करून दिली आणि त्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कायदा चांगला, पण दात नसलेला. प्रथम गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५० रुपये. कर्जत स्थानकावरच्या वडापावच्या दोन-तीन नगांत तो फिटतो. हा दंड वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर वर्षे गेली तरी तो मसुदाच राहिला.

नियम मात्र आहेत, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नाहीत. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीचे नियम केंद्राने मे २०१७ मध्ये आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीचे नियम २०१८ मध्ये अधिसूचित केले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पैदास करता येत नाही आणि दुकानही चालवता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत. वर्षातून एकदाच आणि उभ्या आयुष्यात पाचदाच. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे हा नियमभंग आहे. म्हणजे ‘पंचेचाळीस दिवसांचे आहे’ असे काउंटरवरून बिनधास्त सांगणारा दुकानदार स्वतःच्या तोंडाने कबुली देत असतो, आणि समोरचे सुशिक्षित कुटुंब ते कौतुकाने ऐकत असते.

इंग्लंडने या बाबतीत जो उपाय केला तो साधा आहे, म्हणून विचारात घेण्यासारखा आहे. लूसी नावाची एक स्पॅनियल मादी वेल्समधल्या पैदास केंद्रातून २०१३ साली सोडवली गेली. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिल्याने तिच्या कमरेखालची हाडे जखडून गेली होती. ती २०१६ साली गेली. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दलालाने किंवा दुकानाने विकायचे नाही. घेणाऱ्याने पैदासकाराच्या जागी जायचे आणि पिल्लू त्याच्या आईसोबत पाहायचे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून दुकानांत केवळ निवारागृहांतून आलेले प्राणी ठेवता येतात. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांतली कुत्र्या-मांजरांची विक्रीच थांबवली. त्या देशांचे सारेच अनुकरणीय नाही आणि चोरटा व्यापार तिथेही संपलेला नाही. परंतु इंग्लंडच्या कायद्याचा गाभा आपल्या कोणत्याही कुटुंबाला उद्यापासून, संसदेची वाट न पाहता, स्वतःपुरता लागू करता येईल. पिल्लाची आई कुठे आहे, हा प्रश्न विचारायला अधिसूचना लागत नाही. आई दाखवत नाहीत, तिथून पिल्लू आणायचे नाही.

मोह आणखी एका वाटेने येतो. काचेमागचे केविलवाणे पिल्लू पाहून ‘निदान याची तरी सुटका करू’ म्हणून ते विकत घेणारे कोवळ्या मनाचे लोक असतात. त्यांच्या दयेबद्दल शंका नाही. पण रिकामा झालेला पिंजरा पुढच्या आठवड्यात भरतो आणि दुकानदाराच्या वहीत ती दया विक्री म्हणूनच नोंदली जाते. अशा वेळी पैसे नव्हे, तक्रार द्यायला हवी. नोंदणी प्रमाणपत्र दुकानात लावलेले आहे का ते पाहावे, पिल्लाचे वय तोंडी सांगितले जाते ते पावतीवर मागावे, छायाचित्र घ्यावे आणि स्थानिक पोलीस ठाणे, जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी व राज्य मंडळ यांच्याकडे लेखी अर्ज करावा. आपल्या शहरात किती दुकानांची नोंदणी झाली आहे, किती तपासण्या झाल्या, हे २००५ च्या माहितीच्या अधिकारात विचारता येते. पाच-दहा नगरांतून असे अर्ज गेले, तर नोंदवह्यांवरची धूळ आपोआप झटकली जाईल. उत्साही तरुणांनी दुकानावर चाल करून काचा फोडण्याचा मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. त्याने दुकानदार पीडित ठरतो, व्यापार मोबाइलच्या पडद्याआड सरकतो आणि पिल्ले आहेत तिथेच राहतात.

त्याऐवजी दुकानदाराशी बोलणे अधिक फलदायी. खाद्य, पट्टे, औषधे, आंघोळीची सोय यांवर चांगले दुकान चालते. जिवंत प्राणी विकण्याचे बंद करणाऱ्या दुकानाकडे वळण्याचा निर्णय एखाद्या मोठ्या सोसायटीतल्या वीस-पंचवीस कुटुंबांनी एकत्र घेतला, तर ते त्याच्या हिशेबात लगेच दिसते. महिन्यातून एक रविवार त्याच दुकानासमोर रस्त्यावरच्या, लस टोचलेल्या पिल्लांना घरे शोधून देण्यासाठी ठेवता येईल. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात आणि देशभर बरीच तापातापी झाली. पण एकीकडे रस्त्यावर पिल्ले वाढत असताना दुसरीकडे कारखान्यातून नवी आणावीत आणि तीही अखेर रस्त्यावरच सोडावीत, या विसंगतीकडे त्या वादात थोड्यांचेच लक्ष गेले. ‘गावठी’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरणाऱ्यांनी एकदा ठाकुरवाडीत रात्र काढावी. तिथल्या पावसाला, उन्हाला आणि चढाला घडलेला तो कुत्रा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

राहिला प्रश्न फार्महाऊसचा. इथे ग्रामपंचायतीने पुढे आले पाहिजे. आपल्या हद्दीत ठेवलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मालकाच्या नावे व्हावी, लशीचा दाखला दरवर्षी दिला जावा, आणि मालक नसताना त्याच्या खाण्या-औषधाचा खर्च राखणदाराच्या पगारातून नव्हे तर स्वतंत्र दिला जावा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. कुत्रा चावल्यास उपचाराचा खर्च मालकाचा, हेही त्यात असावे. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास वाड्या आणि फार्महाऊस यांचे एकत्र लसीकरण ठेवता येईल. तालुक्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे काम अवघड नाही, कारण वाडीतला प्रत्येक कुत्रा कोणाच्या ओट्यावर निजतो हे त्यांना ठाऊक असते. अडचण इतकीच की १ मे, १५ ऑगस्ट वा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला फार्महाऊसचे मालक सहसा फिरकत नाहीत. तेव्हा त्या ठरावाची एक प्रत त्यांच्या घरपट्टीच्या मागणीपत्राला जोडून शहरातल्या पत्त्यावर पाठवावी, आणि पोच मागवून घ्यावी.